नर्मदेपलीकडचे शिंपले

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक काचेचं कपाट आहे. चार फळ्या, चाळीस शिंपले, दगड झालेले. प्रत्येकापुढे एक पांढरी चिठ्ठी उभी आहे. पाच चिठ्ठ्यांवर मजकूर आहे, पस्तीस कोऱ्या. ते कपाट मी लावलं. माझ्या हातून झालेल्या कामाबद्दल मी मोठ्यानं बोलते, तशी माझी ख्याती आहे. पण या कपाटाबद्दल कोणी विचारलं की मी चहाचं विचारते.

मी एरंडोलजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारता सांगते. लोकांना ते आवडत नाही, तरी सांगते. ज्यांच्या आजोबांनी पदव्या घेतल्या त्यांना यात काय मोठं, असं वाटणारच.

भूशास्त्र मी काही हौसेनं घेतलं नव्हतं. गणिताच्या जागा भरल्या होत्या, भूशास्त्राच्या रिकाम्या होत्या. पहिल्या तासाला सर आले. चाळीसगावहून रोज पॅसेंजरनं यायचे, शर्टाच्या खिशात तिकीट दिसायचं. त्यांनी विचारलं, "समुद्र कोणी पाहिलाय?" आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं. एकाचाही हात वर गेला नाही. सरांनी पिशवीतून दगडाचा एकेक शिंपला काढला आणि प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "घ्या. समुद्र आला होता तुमच्याकडे. तुम्हीच उशीर केला."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझ्या हातातल्या शिंपल्यावर रेघा होत्या. कडेपासून कडेपर्यंत, एकाखाली एक, पाटीवर आखाव्यात तशा. सर म्हणाले, ही एकेक रेघ म्हणजे त्या जीवाची वाढ. माणसाला वय विचारावं लागतं, हा अंगावर लिहून ठेवतो.

आपल्या खानदेशात पायाखाली सगळा काळा दगड. ज्वालामुखीचा रस थिजून झालेला. त्यात शिंपला सापडायचा नाही, कितीही विहिरी खणा. शिंपल्यांसाठी आग्रा रोडनं सेंधव्याकडे घाट चढायचा, पुढे नर्मदा ओलांडायची, आणि पलीकडच्या नाल्यांत उतरायचं. तिथे चुनखडीचे थर उघडे पडलेत. काळा रस यायच्या आधी पश्चिमेकडून समुद्र त्या खोऱ्यात शिरला होता. आधी उथळ, मग खोल, मग परत उथळ, आणि मग गेला. खालच्या थरात एका जातीचे शिंपले, मधल्यात चाकासारखे गुंडाळलेले मोठे शंख, वरच्यात पुन्हा वेगळे. म्हणजे समुद्राचं येणं आणि जाणं त्या नाल्याच्या काठावर खालून वर वाचता येतं. फक्त कोणता शिंपला कोणत्या थरातला, हे माहीत पाहिजे.

सरांचा सगळा जीव या एका गोष्टीत होता. दगड उचलायच्या आधी वही काढायची. नाल्याचं नाव, गावापासून किती पावलं, खालून कितवा थर. मग उचलायचा, कागदात गुंडाळायचा, कागदावर आकडा. एकदा मी सुंदर शंख दिसला म्हणून आधी उचलला आणि मग वही शोधायला लागले. सरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि नाल्यात फेकून दिला. "ठिकाण गेलं की शिंपला गेला. उरला तो खडा. खडे आपल्या पांझरा नदीतही आहेत."

पदवी झाली आणि त्याच विभागात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, हंगामी. गावात आमचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाले, "इतला वरीस शिकनी, नि आते दगड येचाले लागनी."

मी तिथेच उभी राहिले. "नाना, तुम्ही जलमभर वावरमाधला दगड येचात. तुमले कोनी डिग्री दिन्ही का?"

ओटा हसला. नानाही हसले, पण त्यानंतर मला गावात 'दगडवाली' हे नाव पडलं ते पडलंच.

शिंपला नाल्यातून आणला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. त्याच्याभोवती चुनखडीचा घट्ट चिकटलेला थर असतो. तो आधी पाण्यात भिजवायचा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासायचा, आणि मग सुई. शिलाई मशीनची सुई लाकडी मुठीत बसवून मी हत्यार केलं होतं. भिंग डोळ्याला लावायचं आणि कण कण उडवायचा. एका शिंपल्याला कधी आठवडा जायचा, कधी महिना. शिंपला टेबलावर ठेवला तर सुईच्या दाबानं निसटतो किंवा तडकतो, म्हणून त्याला गादी लागते. सर वाळूचं ताट वापरायचे. मी आईला सांगून जुन्या लुगड्याच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यात बाजरी भरली. शिंपला त्यात रुतून बसायचा, हलायचा नाही. सरांनी पिशवी दाबून पाहिली. "हे कुठल्याही पुस्तकात नाही. आईला माझा नमस्कार सांग."

तो नमस्कार मी सांगितला. पिशव्या कशासाठी ते मात्र नीट सांगितलं नाही. आई विचारायची, "हाई काय शे व? काय करस त्या दगडंस्ना?" आणि मी म्हणायचे, "तुला नाही कळायचं." कधी घाईत म्हणायचे, कधी कौतुकानं, आपल्याला काहीतरी असं येतं जे आईला कळत नाही, याचं कौतुक. आज ते वाक्य आठवलं की नकोसं होतं.

साफ झालेल्या शिंपल्याच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, पांढऱ्या रंगाचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा. वाळला की बारीक निबानं काळ्या शाईत आकडा. वर नखांना लावतात त्या बिनरंगी पॉलिशचा एक थर. तो आकडा वहीत, वहीत त्याचं ठिकाण आणि थर. एवढीच ती साखळी. सरांची वही, माझा ठिपका.

सर निवृत्त झाले तेव्हा साखरेनं त्यांच्या डोळ्यांचं बरंच नेलं होतं. जाताना त्यांनी वह्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "एक कपाट लाव. खालच्या फळीवर समुद्र येतोय, मधल्या दोन फळ्यांवर आहे, वरच्या फळीवर चाललाय. शाळेतलं पोरगं समोर उभं राहिलं आणि खालून वर बघत गेलं की त्याला कळलं पाहिजे. बस." आणि मग, "तिकडचे निम्मे नाले आता धरणाच्या फुगवट्याखाली गेलेत. परत जाऊन आणू म्हणालीस तर पाण्यात हात घालावा लागेल."

विभागाचे दिवस भरत आले होते. प्रवेश कमी होत होत थांबले. भूशास्त्राची खोली संगणकांना दिली गेली. नकाशे, खनिजं, माझे खोके गोदामात. प्रभारी सर, म्हणजे तात्पुरते प्राचार्य, भले माणूस, वाणिज्य शाखेचे. त्यांनी एवढं केलं की जिन्याखाली एक जुनं काचेचं कपाट मिळवून दिलं. "कमिटी यायचीय तपासायला. तोवर लावा मॅडम. चांगलं दिसलं तर राहील. नाहीतर तिथे क्रीडा विभागाचे चषक ठेवायचेत, त्यांचाही अर्ज आहे."

मला तेवढंच पाहिजे होतं. विभाग जाणार हे मी मान्य केलं होतं, माझी नोकरी जाणार हेही. पण ते कपाट राहावं. त्यात सर राहतील, मी राहीन, आणि समोरून जाणाऱ्या एखाद्या पोरीला कळेल की सेंधव्याच्या पुढे एकदा समुद्र होता.

गोदाम पावसात गळतं. देवपुरातली माझी भाड्याची खोलीही गळते. म्हणून चाळीस निवडक शिंपले मी पत्र्याच्या पेटीत घातले आणि श्रावणातल्या सुट्टीला पारोळ्यावरून एरंडोलची बस धरून गावी आणले. शेवटचा ब्रश फिरवायचा, आकडे वहीशी ताडून बघायचे आणि चिठ्ठ्या लिहायच्या, एवढंच बाकी होतं.

घरी कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, तयारी चालली होती. आमच्याकडे दिवाळी राहिली तरी चालते, कानबाई राहत नाही. पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंद नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्यासाठी परत येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी दळतात. माझ्या नावाची मूठ नसते. मी एकदा आईला म्हटलंही होतं, "पदवी घेतलेल्या बाईची अर्धी तरी मूठ टाक." आई म्हणाली होती, "आखो काय, मिशा बी लाव." पण घर धुणं, सारवणं, चुना देणं हे सगळं बायांचं. कानबाई ज्या घरात येते त्या घरात एकही वस्तू बिनधुतलेली राहता कामा नये. भिंतींना चुना झाला होता. घरभर त्याचे थेंब उडालेले, पाटावर, डब्यांवर, खाटेच्या माच्यावर. आई दोन दिवस ते थेंब खरडत होती.

शनिवारी सकाळी मी जळगावला गेले. चिठ्ठ्यांसाठी जाड कागद आणि फळ्यांवर अंथरायला निळं मखमली कापड घ्यायचं होतं. पेटी ओसरीत होती, झाकण उघडं, कारण शिंपल्यांना वारा लागावा म्हणून मीच उघडं ठेवलं होतं. जाताना आईनं विचारलं, "या देखाले कोन येनार शे?"

"मोठी मोठी माणसं येणारेत आई, बाहेरगावची."

दुपारी दोनला मी परत आले. अंगणात खाट टाकलेली होती, तिच्यावर पांढरं धोतर अंथरलेलं. त्याच्यावर एका बाजूला समया, तांब्या, ताम्हण, घंटी, घासून लखलखीत. दुसऱ्या बाजूला चार ओळींत दहा दहा करून माझे शिंपले. उन्हात वाळत होते. पांढरेशुभ्र.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मला आठवतं, ती खूप खुशीत होती. "देख! चिचना पानीमा टाकात, दोन लिंबू बी पिळात. काय बुडबुडा निंघनात व, देखत राहनी मी! बठ्ठी घान, बठ्ठा मय वर उना. मंग राख नि काथ्या लिसन घासात. तू महिना महिना सुई लिसन खरडत बसस, मन्हं एक दुपारमा व्हई गयं."

मी एक शिंपला उचलला. चुनखडीचा शिंपला आंबट पाण्यात टाकला की बुडबुडे येतात, कारण तो विरघळत असतो. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. हातातला शिंपला चोखून ठेवलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत होता. रेघा नव्हत्या. मी तो उलटा केला. खाली ठिपका नव्हता.

दुसरा उलटा केला. तिसरा. मी सगळे चाळीस उलटे केले. आई बघत होती.

"चुना उडेल व्हता त्यासवर," ती म्हणाली. "एकेक थेंब, बठ्ठासवर. तो बी खरडी काढा. नखवरी निंघे ना, मंग विळावरी काढा."

काळ्या शाईतले ते आकडे तिला दिसले नसतील असं नाही. मुंगीच्या पायाएवढे होते. चुन्यावर मुंगी फिरली असेल, असं वाटलं असेल. तिला वाचता येत नाही आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

ओरडावं असं आलं होतं तोंडात. पण ओसरीत भावजया, माहेरवाशिणी, चुलत्याच्या सुना गहू निवडत बसलेल्या. आणि आई विचारत होती, "काय व्हयनं? वास येस का चिचना? परत धोऊ का?"

"नको," मी म्हटलं. "चांगले झाले."

"मंग! दुनिया देखाले येनार. मयेल कसा देशी?"

नाना ओट्यावरून म्हणाले, "दगडवालीना दगडंस्नी बी आंग धोई लिन्हं. आते कानबाई पावनी!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी कानबाई आली, रोट झाले, आरत्या झाल्या. मी सगळ्यांना वाढलं.

फोटो नव्हते का, असं मला नंतर प्रत्येकानं विचारलं, जणू मला सुचलंच नसावं. होते. फोनमध्ये पाच शिंपल्यांचे होते, आकड्यासकट, जे दिसायला मोठे आणि देखणे. बाकी पस्तीस साधे शिंपले. त्यांच्यात फरक होता तो रेघांचा. किती जवळ, किती लांब, कुठे वळतात. त्या रेघाच गेल्यावर सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. सरांची वही माझ्यापुढे उघडी होती. त्यात पस्तीस आकडे, पस्तीस ठिकाणं, पस्तीस थर. आणि पलंगावर पस्तीस शिंपले. दोन्ही बाजू होत्या, मधला दोरा नव्हता. मी दोन दिवस बसले. हा बहुतेक खालच्या थरातला, हा वजनाला जड म्हणजे मधला. मग त्याच शिंपल्यांना फिरवून ठेवलं आणि पुन्हा लावायला बसले, तर वेगळीच लावणी झाली. तेव्हा मी वही मिटली.

कॉलेजात प्रभारी सरांना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दिली. "मॅडम, कमिटीत तिघे जण. एक कॉमर्स, एक इंग्रजी, एक कुठले तरी संचालक. कोण विचारणार आहे? वहीत पस्तीस नावं आहेत ना? पस्तीस चिठ्ठ्या लिहा, ठेवून द्या. झालं."

"कोणापुढे कोणती?"

"कोणापुढे कोणतीही. शिंपला बोलणारे का?"

मी म्हटलं, "सर, आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली. पहिलंच लिहिणं खोटं कसं लिहू?" हे बोलताना मला बरं वाटलं होतं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही. बोलायला सोपं होतं ते.

"तुमची मर्जी," ते म्हणाले. "पण कोऱ्या चिठ्ठ्या म्हणजे काम अर्धवट दिसेल. मग चषकवाले मागे लागतील, मला सांगू नका."

चाळीसगावच्या सरांना मी फोन केला नाही. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. पण त्यांना कुणाकडून तरी कळलं की कपाट लागतंय, आणि ते एक दिवस पॅसेंजरनं आले. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. जिन्याखाली मी निळं कापड अंथरत होते. ते म्हणाले, "दे, एक हातात दे. दिसत नाही, पण बोटांना कळतं."

मी दिला. त्यांनी अंगठा शिंपल्यावरून फिरवला. कडेपासून कडेपर्यंत. मग परत. मग उलटा करून ठिपक्याची जागा चाचपली.

"हा धुतलाय कशात तरी."

मी सगळं सांगितलं. चुना, चिंच, लिंबू, विळा, कानबाई. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "किती?"

"सगळे."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. वरून पोरं धाडधाड उतरत होती, "सरका ना काका," म्हणत होती. सर भिंतीकडे सरकले आणि म्हणाले, "आईनं बुडबुडे पाहिले?"

"हो. तिला फार आवडले."

"मग परीक्षा बरोबर केली तिनं. चुनखडी ओळखायची तीच रीत." आणि ते थोडे हसले. ते हसू मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

"चिठ्ठ्यांचं काय करू सर? तुम्ही हात लावून सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहिते."

"मला आता दिसत नाही आणि तुला आता माहीत नाही. दोघांचं मिळून एक खोटं तयार होईल, बाकी काही नाही." ते उठले. "माहीत नसेल तर चिठ्ठी कोरी ठेव. पण ठेव. काढू नकोस. कोरी चिठ्ठी म्हणजेही आपण काहीतरी सांगतोय."

स्टेशनपर्यंत मी त्यांना रिक्षानं सोडलं. तो शिंपला त्यांच्या मुठीतच राहिला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. म्हटलं, "राहू द्या ना तुमच्याकडे." म्हणाले, "कुठला म्हणून ठेवू?"

त्यानंतर ते धुळ्याला आले नाहीत. मीही चाळीसगावला गेले नाही. जाईन, जाईन म्हणते.

कपाट लागलं. खालून वर समुद्र दाखवता येत नव्हता, म्हणून मी शिंपले आकारानं लावले. मोठे खाली, लहान वर, चपलांच्या दुकानात लावतात तसे. वर एक पाटी: 'प्राचीन समुद्री शिंपले, नर्मदा खोरे'. एवढं खरं होतं. कमिटी आली. तिघे कपाटासमोर थांबले तेव्हा मी बाजूला हात जोडून उभी होते. एकजण म्हणाले, "अरे वा, किती पांढरे आहेत. मार्बल का?" आणि ते जिना चढून गेले. कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल एकानंही विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं मोठं उत्तर. ते तसंच राहिलं.

आता विभाग कागदावरही नाही. मी परीक्षा विभागात बसते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधते, पुढच्या वर्षी बांधेन की नाही माहीत नाही. कपाट मात्र अजून आहे. वरच्या फळीवर शिंपले मागे सरकवून दोन चषक ठेवलेत. मला विचारलं नव्हतं.

आई दर वेळी म्हणायची, मला दाखव. मी म्हणायचे, पाऊस आहे, परीक्षा आहे, जिना दुरुस्त होतोय. दिवाळीनंतर एक दिवस ती न सांगताच आली. धुळ्याला कुणाच्या तरी गाडीत जागा होती. फाटकावरच्या शिपायानं मला बोलावलं तेव्हा ती नवं लुगडं नेसून, हातात भाकरीचं फडकं धरून उभी होती, शिपायाला सांगत होती, "मन्ही पोर आठेच शे. दगडवाली म्हना, वळखतीन."

मी तिला जिन्याखाली नेलं. ती काचेच्या अगदी जवळ गेली. पदरानं काच पुसली, मग दोन्ही हात काचेला टेकवून एकेक फळी बघायला लागली. तिला तिचे शिंपले ओळखू आले. "देख, कसा चमकी राहिनात," ती म्हणाली. "अजून मय नही बठना." तिला फार बरं वाटलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडे ती बघत होती, त्या थांबतात का म्हणून. एक थांबली, चषकापुढच्या काचेत केस सारखे करून गेली.

आई पुन्हा काचेकडे वळली. तिचं बोट फळीवरून हळूहळू सरकत होतं, एकेका चिठ्ठीपाशी थांबत. पाच ठिकाणी थांबलं आणि पुढे गेलं. मग ती परत पहिल्यापासून सुरू झाली. तिला वाचता येत नाही, पण लिहिलेलं आणि न लिहिलेलं तिला कळतं.

"या पाचवर लिखेल शे," ती म्हणाली. "बाकीनावर काहीच नही."

"हो."

"काबर?"

मी म्हटलं, "राहून गेलं, आई."

ती माझ्याकडे वळली. रागानं नाही. गावात नानांना, भावजयांना, बसमधल्या परक्या बाईलाही ती माझ्याबद्दल जे सांगत आलीय, तेच तिनं मला विचारलं.

"तुले लिखता येस ना व?"

जिन्यावरून पोरं उतरत होती. मी तिच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं आणि म्हटलं, चल, चहा घेऊ.